इंग्रजीतला ‘गेट’: मिळणं, होणं, पोचणं आणि करून घेणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मराठी माध्यमातून शिकले आहेत आणि आता नोकरीत त्यांना परदेशी ग्राहकांशी रोज फोनवर बोलावं लागतं. जी-ई-टी, म्हणजे ‘गेट’ या क्रियापदाचे शब्दकोशात इतके अर्थ दिलेत की पान उलटलं तरी संपत नाहीत. त्यांनी यादी केली, पाठ केली. समोरचा बोलतो तेव्हा अर्थ लागतो, पण स्वतः बोलताना ‘गेट’ तोंडात येत नाही, आणि आलाच तर नको तिथे येतो. तर काय करावं?

मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. बँकेतली, दवाखान्यातली, कारखान्यातली, परदेशी निघालेली अशी सगळ्या प्रकारची माणसं माझ्यासमोर बसतात आणि बहुतेकांची ‘गेट’पाशी हीच अडचण असते. शाळेत ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढंच डोक्यात बसलेलं असतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. त्या एका अर्थावर बाकीचे सगळे अर्थ टांगायला गेलं की ते टिकत नाहीत, म्हणून मग यादी पाठ करावी लागते.

आधी ही तीन जोडवाक्यं बघा. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी आहे, ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली. ‘आय ॲम वेट’ म्हणजे मी भिजलेली आहे, ‘आय गॉट वेट’ म्हणजे मी भिजले. ‘आय ॲम ॲट होम’ म्हणजे मी घरी आहे, ‘आय गॉट होम’ म्हणजे मी घरी पोचले. प्रत्येक जोडीतलं पहिलं वाक्य नुसती स्थिती सांगतं: आहे. दुसरं वाक्य त्या स्थितीत शिरण्याचा क्षण सांगतं. आधी नव्हतं, आता आहे. ‘हॅव’ आणि ‘बी’ ही दोन क्रियापदं स्थिर आहेत, आणि त्या दोघांना हलवणारं क्रियापद म्हणजे ‘गेट’. माझ्या मते ‘गेट’बद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

आता मराठीकडे बघा. याच बदलासाठी आपण वेगवेगळी क्रियापदं वापरतो. पत्र येतं, पगार मिळतो, सर्दी होते, राग येतो, तहान लागते, घरी पोचतो, अर्थ कळतो. इंग्रजी माणूस यातल्या बहुतेक ठिकाणी ‘गेट’ म्हणून मोकळा होतो. तेव्हा तुम्ही पाठ केलेली ती लांबलचक यादी मुळात मराठी क्रियापदांची आहे. इंग्रजीच्या बाजूने पाहिलं तर तिथे एकच काम चाललेलं असतं.

दुसरा फरक वाक्याच्या बांधणीत आहे, आणि मला तो शब्दार्थापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मराठीत आपल्या बाबतीत घडणाऱ्या गोष्टी आपण ‘मला’ने सुरू करतो: मला ताप आला, मला रजा मिळाली, मला ते कळलं. या वाक्यांत ‘मी’ कर्ता नाही. ताप, रजा, ते, हे कर्ते आहेत आणि मी फक्त त्यांचं येणं सोसते किंवा घेते. इंग्रजीला अशी सोय फारशी नाही. तिथे ‘आय’ पुढे येऊन बसतो आणि तरीही त्याने काही केलेलं नसतं. हे जमवून देणारं क्रियापद ‘गेट’: ‘आय गॉट अ फीवर’, ‘आय गॉट लीव्ह’, ‘आय गॉट इट’. म्हणून मी वर्गात सांगते, मनात ‘मला’ने सुरू होणारं वाक्य आलं आणि त्यात काहीतरी नव्याने घडलंय असं दिसलं, की ‘आय गॉट’ची शक्यता तपासा. दर वेळी चालेल असं नाही (ते पुढे येईलच), पण तपासायची सवय लावा.

इथे एक शंका हमखास येते. ‘आय गॉट द जॉब’ म्हणजे नोकरी मिळाली की मिळवली? दोन्ही. ‘गेट’ धडपडीबद्दल काही बोलतच नाही. ‘आय गॉट सम व्हेजिटेबल्स ऑन द वे होम’ म्हटलं की भाजी विकत घेतली हे संदर्भावरून कळतं. ‘आय गॉट अ शॉक’ म्हटलं की ती कमाई नव्हती हेही कळतं. आणि ‘कॅन आय गेट यू अ कप ऑफ टी?’ म्हणजे ‘चहा आणू का तुमच्यासाठी?’ इथे बदल दुसऱ्याच्या बाजूला होतो, त्याच्याकडे चहा नव्हता, तो येणार आहे. यावरून एक सावधगिरी: दुकानात ‘कॅन आय गेट अ कॉफी?’ असं मागणं अमेरिकेत अगदी रोजचं आहे, पण ब्रिटनमधल्या बऱ्याच जुन्या माणसांना ते खटकतं. त्यांच्या कानाला ते ‘मी स्वतः आत जाऊन कॉफी आणू का?’ असं लागतं. ग्राहक ब्रिटिश असेल तर ‘कुड आय हॅव’ म्हणा, कुणालाच खटकणार नाही.

हा शब्द इतका घरगुती का आहे हे कळायला थोडा इतिहास उपयोगी पडतो. ‘गेट’ इंग्रजीत आला तो उत्तरेकडच्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतून, जुन्या नॉर्समधल्या ‘गेटा’ या क्रियापदावरून. 793 साली लिंडिसफार्नच्या मठावर त्यांचा हल्ला झाला, पुढच्या काळात ते इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत वस्ती करून राहिले, शेजारी झाले, सोयरे झाले. त्यामुळे त्यांच्याकडून इंग्रजीत आलेले शब्द शेजारपाजारचे आहेत: टेक, एग, नाइफ, विंडो, हजबंड, अगदी ‘दे’ हे सर्वनामसुद्धा. जुन्या इंग्रजीत याच धातूची क्रियापदं होती, पण उपसर्ग लावलेली. आजचे ‘फर्गेट’ आणि ‘बिगेट’ हे त्या घराण्यातले. पुढे 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारी, कचेरीतले शब्द फ्रेंचमधून आले: रिसीव्ह, ऑब्टेन, अराइव्ह. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीसाठी ओसरीवरचा एक शब्द आणि कचेरीतला एक शब्द असे दोन थर तयार झाले. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. घरी आपण ‘पत्र मिळालं’ म्हणतो आणि सरकारी उत्तरात ‘आपले पत्र प्राप्त झाले’ लिहितो. ‘गॉट’ आणि ‘रिसीव्ह्ड’ यांतलं अंतर साधारण तेवढंच आहे.

आपली मुलं इंग्रजी शिकतात ती बहुतेक पुस्तकातून, म्हणजे कचेरीच्या थरातून. त्याचा परिणाम काय होतो ते मी एका विद्यार्थिनीच्या बाबतीत जवळून पाहिलं. ती परिचारिका म्हणून इंग्लंडला गेली. इंग्रजीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेली, शब्दसंग्रह भक्कम. पहिल्या काही दिवसांतच तिचा फोन आला की वॉर्डातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं कळत नाही. मी तिला म्हटलं, न कळलेली वाक्यं कानावर पडतील तशी लिहून पाठव. तिने पाठवली. ‘आय कान्ट गेट कम्फर्टेबल.’ ‘कॅन यू गेट मी अप?’ ‘आय डोन्ट गेट ऑन विथ दोज टॅबलेट्स.’ ‘हाउ आर यू गेटिंग ऑन, लव्ह?’ एकही अवघड शब्द नाही, आणि जवळजवळ प्रत्येक वाक्यात ‘गेट’.

पहिलं वाक्य: कसंही वळलं तरी मला नीट पडता येत नाहीये, म्हणजे आरामाच्या स्थितीत शिरता येत नाही. दुसरं: मला उठवून बसवता का, म्हणजे मला वरच्या स्थितीत आणा. तिसरं वाक्य तिला सर्वांत गोंधळात टाकणारं वाटलं होतं, कारण ‘गेट ऑन विथ’ म्हणजे माणसांचं एकमेकांशी पटणं हे तिने पाठ केलेलं होतं. गोळ्यांशी पटत नाही म्हणजे काय? मी तिला म्हटलं, आपण काय म्हणतो? ‘या गोळ्या मला मानवत नाहीत.’ बस, तेच. हे वाक्य ती विसरणं शक्य नव्हतं, कारण तिच्या आजीच्या तोंडी तिने ते कितीतरी वेळा ऐकलं होतं. आणि चौथं वाक्य नुसती विचारपूस: कसं चाललंय बाळा तुझं?

यातून सांगायचं ते असं, की ‘गेट’चं वाक्य अडलं की इंग्रजी प्रतिशब्द शोधू नका. आपल्या घरात त्या प्रसंगी काय म्हणतात ते आठवा.

आता चुकांकडे येते, कारण प्रश्नातला ‘नको तिथे येतो’ हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. ‘गेट’ आणि ‘होणं’ यांचं नातं कळलं की आपली माणसं एक उडी जास्त मारतात आणि प्रत्येक ‘झालो’ला ‘गॉट’ लावतात. मी पास झालो, ‘आय गॉट पास्ड’. बाबा निवृत्त झाले, ‘ही गॉट रिटायर्ड’. ताई पदवीधर झाली, ‘शी गॉट ग्रॅज्युएटेड’. अपघात झाला, ‘द ॲक्सिडेंट गॉट हॅपन्ड’. ही चारही वाक्यं चुकीची आहेत. ‘पास’, ‘रिटायर’, ‘ग्रॅज्युएट’, ‘हॅपन’ या क्रियापदांत बदल आधीच भरलेला आहे, त्यांना ‘गेट’चा टेकू लागत नाही. ‘आय पास्ड’, ‘ही रिटायर्ड’, ‘शी ग्रॅज्युएटेड’, ‘देअर वॉज ॲन ॲक्सिडेंट’ एवढंच पुरे.

मग ‘ही गॉट ट्रान्सफर्ड’ का चालतं? कारण बदली त्याने स्वतः केली नाही, कंपनीने केली. ‘शी गॉट प्रमोटेड’ चालतं, कारण बढती कुणीतरी दिली. ‘पास’चंच बघा: विद्यार्थी परीक्षा स्वतः पास करतो म्हणून तिथे ‘गॉट’ नको, पण विधेयक स्वतः काही करत नाही, सभागृह ते मंजूर करतं, म्हणून ‘द बिल गॉट पास्ड’ बरोबर. तर क्रियापदाला ‘गॉट’ जोडण्यापूर्वी विचारा, हे याला दुसऱ्या कुणी केलं का? उत्तर हो असेल तर जोडा. ‘मी नाशिकला शिफ्ट झालो’ यात तुम्ही स्वतः घर हलवलं असेल तर ‘आय मूव्ह्ड टू नाशिक’. विशेषणांना ही परीक्षा लावायची गरज नाही. रेडी, अँग्री, ओल्ड, बेटर यांच्या मागे ‘गेट’ बिनधास्त येतो.

‘अमुक बनणं’ या अर्थाने नामाआधी ‘गेट’ला मात्र पूर्ण बंदी. ‘तो डॉक्टर झाला’ याचं ‘ही गॉट अ डॉक्टर’ केलंत तर ऐकणारा समजेल, त्याने कुणाला तरी बरं नाही म्हणून डॉक्टर बोलावून आणला. तिथे ‘बिकेम’ हवं. तसंच ‘त्यांना मुलगा झाला’ म्हणजे ‘दे हॅड अ सन’, ‘गॉट’ नाही.

आणखी काही वाक्यं आपल्याकडे इतकी रुळली आहेत की ती चुकीची वाटतच नाहीत. आपसांत खुशाल बोला, सगळ्यांना कळतात. पण परदेशी ग्राहकाला ती अडखळवतात. ‘आय ॲम गेटिंग लेट’ हे त्यातलं पहिलं. मनात ‘मला उशीर होतोय’ असतं आणि वर सांगितलेला नियम लावला तर हे बरोबरच वाटतं. पण इंग्रजी माणूस म्हणतो ‘आय ॲम रनिंग लेट’. ‘इट्स गेटिंग लेट’ हेही तो म्हणतो, पण त्यातला ‘इट’ म्हणजे वेळ: रात्र व्हायला लागली, आता निघायला हवं. दुसरं, ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’. समजणं या अर्थाचा ‘गेट’ सहसा ‘आयएनजी’ लावून वापरत नाहीत. ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणा, आणि ग्राहकाशी बोलताना त्याहून सभ्य म्हणजे ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’, यात ऐकू आलं नाही आणि कळलं नाही हे दोन्ही झाकलं जातं. तिसरं, ‘आय गॉट टू नो दॅट ही इज इल’. आपल्याला म्हणायचं असतं, तो आजारी असल्याचं कळलं. त्यासाठी ‘आय हर्ड’ किंवा ‘आय फाउंड आउट’. ‘गेट टू नो’ म्हणजे एखाद्या माणसाची, गावाची हळूहळू ओळख होत जाणं.

शब्दयोगी अव्ययंही मराठीची येतात. त्याच्याशी लग्न झालं म्हणून ‘गॉट मॅरीड विथ’, त्याच्यावर रागावले म्हणून ‘गॉट अँग्री ऑन’. बरोबर रूपं ‘मॅरीड टू’ आणि ‘अँग्री विथ’ किंवा ‘अँग्री ॲट’. आणि गाडीतून उतरणं: ‘आय विल गेट डाउन ॲट दादर’ हे मुंबईत शंभर टक्के समजतं, पण बाहेर ‘गेट ऑफ’ म्हणतात. लंडनच्या बसमध्ये कुणी ‘गेट डाउन!’ ओरडलं तर उतरू नका, खाली वाका. बस, ट्रेन, विमान यांना ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’, मोटार आणि टॅक्सीला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ‘ऑन’, जिथे वाकून शिरावं लागतं तिथे ‘इन’, एवढं धरलंत तरी रोजचं भागेल.

यानंतरचा भाग शिकवायला मला मनापासून आवडतो, कारण इथे मराठी माणसाला जास्तीचा फायदा आहे. ‘आय गॉट माय हेअर कट’ हे वाक्य पुष्कळ भाषकांना समजावून सांगावं लागतं. मराठीत ते तयारच आहे: मी केस कापून घेतले. ‘करून घेणं’ ही आपली जी रचना आहे, ती म्हणजे ‘गेट समथिंग डन’. रक्त तपासून घेतलं, ‘आय गॉट माय ब्लड टेस्टेड’. गाडी दुरुस्त करून घेतली, ‘आय गॉट द कार रिपेअर्ड’. घराला रंग लावून घेतला, ‘वी गॉट द हाउस पेंटेड’. बोलताना आपण ‘मी केस कापले’ असंही म्हणतो आणि ऐकणाऱ्याला न्हाव्याने कापले हे कळतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की स्वतः आरशासमोर कात्री घेऊन कापले असाच अर्थ होतो. तसंच ‘आय डिड माय ब्लड टेस्ट’ म्हणू नका, तुम्ही प्रयोगशाळा चालवत नाही.

माणसाकडून करवून घ्यायचं असेल तर मध्ये ‘टू’ येतो: ‘आय गॉट हिम टू साइन’, त्याच्याकडून सही करून घेतली. ‘मेक’ आणि ‘हॅव’ यांच्यापुढे हा ‘टू’ नसतो, ‘आय मेड हिम साइन’. अर्थातही फरक आहे. ‘मेड’मध्ये भाग पाडणं आहे, ‘गॉट’मध्ये गोडीगुलाबीने, समजावून, दहा वेळा आठवण करून का होईना, त्याला तयार केलं अशी छटा आहे. ग्राहकाला सांगताना ‘आय विल गेट द टीम टू लुक इन्टू इट’ म्हटलं की तुम्ही त्याच्या बाजूने खटपट करणार हे त्याला ऐकू येतं.

‘टू’ आला की आणखी एक जुळी रचना आठवते. ‘आय गॉट टू मीट हिम’ म्हणजे मला त्यांना भेटायला मिळालं. पाहायला मिळालं, बोलायला मिळालं, करायला मिळालं, हे सगळे ‘गेट टू’. मराठीशी एवढी तंतोतंत जुळणारी रचना असताना आपण ‘आय गॉट द ऑपॉर्च्युनिटी ऑफ मीटिंग’ असं लांबण का लावतो कळत नाही.

नको ते वाट्याला आलं की ‘गॉट’ येतो तो प्रकार सोपा आहे: ‘माय फोन गॉट स्टोलन’, फोन चोरीला गेला. ‘वॉज स्टोलन’ म्हटलं तरी चालतं, फक्त ते जरा बातमीसारखं वाटतं. ‘गॉट’मध्ये चुटपुट लागते.

आता ज्यांची यादी सर्वांत लांब असते ते जोडशब्द: गेट बाय, गेट अवे विथ, गेट अराउंड टू वगैरे. यांना इंग्रजी व्याख्येने शिकू नका, मराठी वाक्प्रचाराने शिका, कारण बहुतेकांना आपल्याकडे चपखल जोडीदार आहे. ‘वी गेट बाय’ म्हणजे आमचं भागतं. याला ‘मॅनेज टू सर्व्हाइव्ह विथ लिमिटेड मीन्स’ अशी व्याख्या वाचून काय हाती लागणार? ‘भागतं’ म्हटलं की त्यातली ओढाताण आणि समाधान दोन्ही येतात. ‘आय हॅव नॉट गॉट अराउंड टू इट’ म्हणजे त्या कामाला अजून मुहूर्त लागला नाही. ‘ही गेट्स ऑन माय नर्व्ह्ज’ म्हणजे तो माझ्या डोक्यात जातो. ‘ही गॉट अवे विथ इट’ म्हणजे त्याला ते पचलं. ‘लेट्स गेट इट ओव्हर विथ’ म्हणजे एकदाचं उरकून टाकू. ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’ म्हणजे तुमचा रोख काय आहे? हा शेवटचा प्रश्न मात्र सूर बघून विचारायचा, तो चढ्या आवाजात आला तर भांडण होतं. ‘डोन्ट गेट मी राँग’ म्हणजे गैरसमज करून घेऊ नका. आणि कुणी ‘आय गेट दॅट अ लॉट’ म्हणालं तर त्याचा अर्थ ‘हे मला बरेच जण म्हणतात’. ‘गेट ओव्हर’ आजाराला वापरला तर बरं होणं, दुःखाला वापरला तर सावरणं. पण कुणाच्या घरी दुःख झालंय तिथे ‘गेट ओव्हर इट’ असं कधीही म्हणू नका. आज्ञार्थात ते ‘पुरे झालं आता’ इतकं कठोर ऐकू येतं.

‘हॅव गॉट’ आणि ‘गॉटन’ यांवर थोडक्यात. ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’ म्हणजे मला दोन भाऊ आहेत, यात काही घडलेलं नाही. इथे ‘गेट’ने आपली हालचाल सोडून ‘हॅव’चीच जागा घेतली आहे. मी सांगितलेल्या सूत्रातला हा ठळक अपवाद. ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जायलाच हवं. अमेरिकेत एक सोयीचा भेद आहे: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली, घेतली. ब्रिटिश इंग्रजीत एरवी ‘गॉट’च चालतं. तुमचे ग्राहक अमेरिकन असतील तर ‘गॉटन’ ऐकून दचकू नका, आणि बोलताना दोन्ही मिसळू नका.

उच्चाराचा मुद्दा फोनवर बोलणाऱ्यांसाठी फार कामाचा आहे. आपण मराठीत दार आणि हे क्रियापद दोन्ही ‘गेट’ असंच लिहितो आणि बोलतोही तसंच. इंग्रजीत दाराच्या ‘गेट’मध्ये स्वर लांबून शेवटी ‘इ’कडे झुकतो, ‘गेइट’सारखा. क्रियापदातला स्वर आखूड आणि किंचित उघडा आहे, आपल्या ‘ए’ आणि ‘ॲ’ यांच्या मधला. आणि अमेरिकन माणूस पुढे स्वर आला की ‘ट’ मऊ करतो: ‘गेट इट’चं ‘गेडिट’, ‘गेट आउट’चं ‘गेडाउट’. ‘गॉट टू’चं ‘गॉटा’ होतं. तुम्ही तसं बोलायलाच हवं असं नाही, पण कानाला ओळखता यायला हवं. ग्राहक भरभर बोलतो तेव्हा न कळलेला शब्द पुष्कळदा हाच असतो.

कुठे वापरू नये? लेखी तक्रारीचं उत्तर, करार, अर्ज, परीक्षेतला निबंध इथे ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’ वापरा. उलट बोलताना हे शब्द आणले तर दारात उभं राहून ‘आपला चहा प्राप्त झाला’ म्हणण्यासारखं होतं. ग्राहकाला फोनवर ‘आय विल रिव्हर्ट’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात. परदेशात ‘रिव्हर्ट’चा रुळलेला अर्थ पूर्वस्थितीला परत जाणं असा आहे, त्यामुळे तिथे ‘आय विल गेट बॅक टू यू’ म्हणा.

सराव असा करा. जुनी यादी बाजूला ठेवा. रोज रात्री दिवसभरातल्या चार-पाच गोष्टी आधी मराठीत, घरी सांगाल तशा लिहा: फोनच लागत नव्हता, साहेबांकडून मंजुरी घेतली, डबा खायला उशिरा वेळ मिळाला, येताना भिजलो. मग प्रत्येकाशेजारी ‘गेट’चं वाक्य लिहा: ‘आय कुडन्ट गेट थ्रू’, ‘आय गॉट माय बॉस टू अप्रूव्ह इट’, ‘आय डिडन्ट गेट टू हॅव लंच टिल थ्री’, ‘आय गॉट वेट ऑन द वे होम’. मोठ्याने म्हणा. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक तरी वाक्य कामावर कुणाशी तरी बोलून टाका. काही दिवसांत तुमच्या कामाला कोणते ‘गेट’ खरोखर लागतात ते त्या वहीत दिसू लागेल. फोनवर काम करणाऱ्यांना बहुधा ‘गेट थ्रू’, ‘गेट बॅक टू’, ‘गेट होल्ड ऑफ’ म्हणजे एखाद्याला गाठणं, आणि ‘गेट समवन टू’ एवढे आधी लागतात. ते तोंडात बसले की बाकीचे ग्राहकांच्या बोलण्यातून उचलत जा, आणि प्रत्येकाच्या शेजारी वहीत घरचा मराठी शब्द लिहायला विसरू नका.